वरळी कोळीवाडा : एका सीमावर्ती वस्तीचा भूगोल आणि लोकसंख्या

प्रस्तावना

सीमाप्रदेश हा शब्द उच्चारला की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे बेळगाव, निपाणी, कारवार ही नावे उभी राहतात. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेतून निर्माण झालेला तो प्रश्न आपल्या सार्वजनिक जीवनात इतका खोल रुजला आहे की सीमा म्हणजे जमिनीवर आखलेली रेषा, असेच आपण गृहीत धरून चालतो. परंतु मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावर एक अशी वस्ती आहे की जिच्यासमोरील पाण्यात सतराव्या शतकात पोर्तुगीज आणि इंग्रज, अठराव्या शतकात मराठे आणि इंग्रज अशा सत्तांच्या सीमा एकमेकींना भिडल्या. पुढे तेथेच मुंबई शहर आणि ठाणे जिल्हा यांची हद्द झाली आणि आजही मुंबई शहर व मुंबई उपनगर हे दोन जिल्हे तेथेच विभागले जातात. ही वस्ती म्हणजे वरळी कोळीवाडा होय.

मुंबईच्या इतिहासलेखनात कोळी समाजाचा उल्लेख 'मूळ रहिवासी' म्हणून पहिल्या प्रकरणात आदराने होतो आणि दुसऱ्या प्रकरणापासून तो बहुधा नाहीसा होतो. पुढील सर्व इतिहास गोदी, गिरण्या, व्यापारी पेढ्या आणि चाळी यांचा. प्रस्तुत लेखात वरळी कोळीवाड्याकडे सीमावर्ती वस्ती म्हणून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. ज्या पाण्याला प्रत्येक सत्तेने आपल्या प्रदेशाचा शेवट मानले, तेच पाणी या वस्तीच्या उपजीविकेचे क्षेत्र होते. नकाशा आणि जनगणना या दोन्ही साधनांनी मात्र वस्तीचे मोजमाप जमिनीवरूनच केले. त्यामुळे वस्तीचा आकार जसा दिसायला हवा तसा कागदावर कधी दिसला नाही, असे आमचे मत आहे.

भूरचना

मुंबईच्या सात बेटांपैकी वरळी हे पश्चिमेकडील एक बेट. दक्षिणोत्तर पसरलेला काळ्या पाषाणाचा कणा हे त्याचे मुख्य लक्षण. या खडकाविषयी एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. वरळीच्या टेकडीत लाव्हारसाच्या दोन थरांमध्ये गाळाचे जे थर सापडले, त्यांत लहान बेडकांचे जीवाश्म होते. रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४७ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. बेडूक म्हणजे गोड्या पाण्याचा प्राणी. ज्या जागी आज तिन्ही बाजूंनी खारे पाणी आहे, तेथे ज्वालामुखीच्या दोन उद्रेकांमधील काळात गोड्या पाण्याची तळी होती, असा त्याचा अर्थ होतो.

कोळीवाडा या कण्याच्या उत्तर टोकावर वसलेला आहे. पश्चिमेस मोकळा अरबी समुद्र, पूर्वेस माहीमचा उपसागर आणि समोर उत्तरेस वांद्र्याचा किनारा अशी त्याची स्थिती आहे. मिठी नदीचे मुख याच उपसागरात आहे. नदीचे गोडे पाणी, खाडीचा गाळ आणि पश्चिमेकडील खडकाळ तळ यांच्या संगमामुळे किनाऱ्यालगतच्या मासेमारीस ही जागा अत्यंत अनुकूल ठरली. शेवंड, चिंबोरी, कालवे ही खडकाच्या आश्रयाने राहणारी मासळी येथे किनाऱ्यापासून फार दूर न जाता मिळत असे. लहान होडी, दोन-तीन माणसे आणि एका भरती-ओहोटीच्या अवधीत परत येणे, अशी ही मासेमारी. मोठ्या यांत्रिक नौकांच्या खोल समुद्रातील व्यवसायापेक्षा तिचे स्वरूप निराळे आहे, आणि म्हणूनच किनाऱ्यालगतच्या पाण्यात होणारा लहानसा बदलही तिला जाचक ठरतो. उधाणाच्या दिवसांत मुंबईत भरतीची पातळी साडेचार मीटरांहूनही वर जाते. खडकांमधून होडी बाहेर काढण्याची वाट कोणती आणि ती कोणत्या वेळी वापरायची, हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलेले आहे. या वाटा कोणत्याही महसुली नकाशावर नाहीत.

बेट म्हणून वरळीचे अस्तित्व अठराव्या शतकाच्या अखेरीस संपले. वरळी आणि महालक्ष्मी यांच्यामधील मोठ्या खिंडीतून भरतीचे पाणी आत शिरून मध्यभागातील सखल जमीन बुडवीत असे. गव्हर्नर विल्यम हॉर्नबी याच्या कारकीर्दीत ही खिंड बांध घालून बुजविण्यात आली. १७८४ च्या सुमारास हे काम पूर्ण झाले. शहराच्या इतिहासात हा बांध प्रगतीचा आरंभ मानला जातो आणि तो तसा होताही. कोळीवाड्याच्या बाजूने पाहिल्यास मात्र पाण्याची एक वाट त्या दिवशी बंद झाली. दक्षिणेकडून जमीन जोडली गेली. उत्तरेकडचे पाणी तेवढे उरले.

खाडी ही सीमा

१६६१ च्या विवाहकरारान्वये मुंबई इंग्लंडच्या राजाकडे गेली, तरी प्रत्यक्ष ताबा मिळण्यास १६६५ चा फेब्रुवारी महिना उजाडला. या विलंबाचे कारण सीमेचा वाद हेच होते. 'मुंबई' म्हणजे नेमके किती? पोर्तुगीजांच्या मते फक्त मुख्य बेट. माहीम, वरळी आदी भाग त्यात येत नाहीत, असा त्यांचा आग्रह होता. हम्फ्रे कुक याने जानेवारी १६६५ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयशी जो करार केला, त्याची कलमे आमच्या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहेत. पोर्तुगीज हद्दीतील कुणबी, भंडारी इत्यादी रयतेला इंग्रजांनी मुंबईत आसरा देऊ नये, आल्यास परत पाठवावे, असे एक कलम त्यात होते. दुसऱ्या एका कलमान्वये मुंबई आणि साष्टी यांना विभागणाऱ्या, वांद्र्यापासून आत येणाऱ्या समुद्राच्या भागात दोन्हीकडील रहिवाशांना मासेमारीची मोकळीक ठेवण्यात आली होती.

ही दोन कलमे एकत्र वाचली पाहिजेत. पहिल्याने माणसांना जमिनीशी बांधले. दुसऱ्याने पाणी सामाईक ठेवले. जमिनीवर सत्ता असणाऱ्या दोन्ही पक्षांना खाडीतील मासेमारीवर रेषा आखता येणार नाही याची जाणीव होती, असा निष्कर्ष यावरून काढता येतो. हा करार अपमानास्पद असल्याचे सांगून इंग्लंडच्या राजाने तो पुढे नाकारला. कुकनेही माहीम ताब्यात घेतले. त्यामुळे कलमे कागदावर राहिली, परंतु खाडीच्या दोन्ही तीरांवरील कोळ्यांचा व्यवहार सुरूच राहिला.

१६६८ मध्ये मुंबई ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती आली आणि माहीमच्या खाडीचे मुख सरहद्द म्हणून पक्के झाले. समोर वांद्र्याच्या टोकावर पोर्तुगीजांचा १६४० मधील किल्ला होता. त्याला उत्तर म्हणून माहीमचा किल्ला होताच. वरळीचा छोटा किल्ला १६७५ च्या सुमारास इंग्रजांनी बांधला असे सामान्यतः मानले जाते. आज कोळीवाड्याच्या टोकाशी घरांच्या गर्दीतून वाट काढत या किल्ल्यापर्यंत जावे लागते आणि पर्यटक त्यावरून समुद्राचे छायाचित्र घेतात. मात्र या किल्ल्याचे मूळ प्रयोजन उपसागराच्या तोंडावर पहारा ठेवणे हे होते. किल्ला पाहताना तो समुद्राकडे न पाहता समोरच्या किनाऱ्याकडे पाहणारा आहे, हे ध्यानात घेतल्यास वस्तीचे सीमावर्ती स्वरूप चटकन कळते.

सीमेवरील लोकांना लढायांची झळ प्रथम लागते. १६८९ मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानाने मुंबईवर स्वारी केली. शिवडीला उतरून त्याने माझगाव आणि माहीम घेतले आणि १६९० च्या जूनपर्यंत तो हटला नाही. त्यानंतर काही काळाने, रोगराईने इंग्रजांची शिबंदी नष्टप्राय झाली असता, रुस्तुम दोराब या पारशी गृहस्थाने कोळ्यांची फौज उभी करून सिद्दीस पिटाळले आणि त्यास कोळ्यांचे पाटील हा मान मिळाला, अशी परंपरा आहे. परंपरेचा तपशील जसाच्या तसा स्वीकारण्याचे कारण नाही. तरीही एक गोष्ट लक्षणीय आहे. बेटाच्या रक्षणास उभी राहू शकेल अशी संघटित लोकसंख्या म्हणून त्या काळी कोळ्यांचेच नाव घेतले गेले, आणि बक्षीस मात्र त्यांच्यावरील पाटीलकीच्या रूपाने दुसऱ्याला मिळाले.

१७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. त्यापूर्वीच साष्टीत मराठ्यांचा अंमल सुरू झाला होता. वांद्र्याचा किल्ला मराठ्यांच्या हाती पडू नये म्हणून इंग्रजांच्या सल्ल्याने तो उद्ध्वस्त करण्यात आला. त्याच वर्षी कंपनीचा वकील कॅप्टन इंचबर्ड याने मराठ्यांशी तह केला. अशा रीतीने सुमारे पस्तीस वर्षे वरळीच्या कोळ्यांसमोरचा किनारा मराठी राज्यात होता. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे घेतले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी कायमची त्यांच्याकडे गेली. त्यानंतर ही परराष्ट्रीय सीमा राहिली नाही. पण सीमा मिटली असेही झाले नाही. साष्टी ठाणे जिल्ह्यात राहिली आणि १९२० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा निराळा करण्यात आला. महानगरपालिकेची हद्द १९५० मध्ये अंधेरी-भांडुपपर्यंत आणि १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत गेली, तेव्हा खाडीचे दोन्ही तीर प्रथमच एका पालिकेखाली आले. पुढे १९९० मध्ये जिल्हे पुन्हा वेगळे झाले. आजमितीस एका उपसागराचे पाणी पालिकेच्या जी दक्षिण, जी उत्तर आणि एच पश्चिम अशा तीन विभागांना लागून आहे.

या सर्व काळात कोळ्यांची आपली अशी एक हद्दव्यवस्था होती. वरळीच्या टेकडीवरील गोल्फादेवी हे केवळ एका गावाचे दैवत नाही. महत्त्वाच्या कार्यापूर्वी देवीचा कौल घेण्यासाठी अन्य कोळीवाड्यांतील लोकही येथे येत आले आहेत. वांद्रे-खारपासून कुलाब्यापर्यंतच्या कोळीवाड्यांमधील सोयरसंबंध लक्षात घेतले तर या समाजाचा प्रदेश किनाऱ्याच्या कडेने पसरलेला दिसतो. राज्यकर्त्यांची सीमा त्याला आडवी छेदून जात होती.

लोकसंख्येची मोजदाद

मुंबईची पहिली पद्धतशीर जनगणना १८६४ ची. त्या वेळी शहराची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. १९०१ मध्ये प्लेगच्या परिणामामुळे ती ७,७६,००६ इतकी खाली आली होती. या काळात वरळी हा जनगणनेचा स्वतंत्र विभाग होता. मात्र हा विभाग म्हणजे कोळीवाडा नव्हे. त्यात टेकडी होती, शेतजमीन होती, नव्याने उभ्या राहणाऱ्या गिरण्या होत्या आणि त्यांतील कामगारांची वस्ती होती. १९२० नंतरच्या दशकात विकास विभागाने वरळीत चाळी बांधल्या. बी.डी.डी. चाळी या नावाने प्रसिद्ध असलेल्या या इमारतींची येथील संख्या १२१ होती. रत्नागिरी, सातारा आणि घाटावरील अन्य जिल्ह्यांतून आलेल्या कुटुंबांनी हा भाग भरून गेला. वरळीची लोकसंख्या वाढली असे जेव्हा अहवाल सांगतात, तेव्हा ती या लोकसंख्येची वाढ असते. कोळीवाडा त्या बेरजेत विरघळून जातो.

१९३१ पर्यंतच्या जनगणनांत जातवार नोंद होत असे. त्यानंतर अनुसूचित जाती-जमाती वगळता ती थांबली. महाराष्ट्रात महादेव कोळी, मल्हार कोळी आदी जमाती अनुसूचित असल्यामुळे त्यांची गणना होते. किनाऱ्यावरील सोनकोळी मात्र त्या यादीत नाहीत, राज्याच्या विशेष मागास प्रवर्गात आहेत. परिणामी ज्यांच्या नावाने मुंबईची ओळख करून दिली जाते, त्यांची संख्या देशाच्या जनगणनेत गेली कित्येक दशके स्वतंत्रपणे येत नाही. २०२५ मध्ये केंद्र सरकारने पुढील जनगणनेत जातनिहाय नोंद घेण्याचा निर्णय जाहीर केला आहे. त्याचा उपयोग कितपत होईल हे जातीच्या नोंदीबरोबर स्थळाची नोंद कोणत्या एककाने प्रसिद्ध होते यावर अवलंबून राहील.

एकक बदलले की चित्र किती बदलते, याचे उदाहरण उपलब्ध आहे. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने २०१० मध्ये केलेल्या सागरी मच्छीमार गणनेत 'मच्छीमार गाव' हे एकक होते. तीनुसार महाराष्ट्रात ४५६ मच्छीमार गावे आणि ३,८६,२५९ मच्छीमार लोकसंख्या होती. या गणनेत समुद्रात जाणाऱ्या पुरुषांबरोबरच मासळी विकणे, सुकविणे, सोलणे, जाळी विणणे ही कामेही नोंदविली गेली. कोळी स्त्रीच्या टोपलीवर ज्या कुटुंबाचा महिना चालतो, त्या कुटुंबाचा व्यवसाय अशा गणनेतच नीट समजतो.

२०११ च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३०,८५,४११ होती. २००१ मध्ये ती ३३,३८,०३१ होती, म्हणजे दहा वर्षांत अडीच लाखांहून अधिक घट झाली. गिरण्या बंद पडणे, जुन्या चाळींची पुनर्बांधणी, घरांच्या किमती आणि उपनगरांकडे झालेले स्थलांतर ही त्याची कारणे सर्वज्ञात आहेत. उपनगर जिल्हा मात्र त्याच वेळी ९३,५६,९६२ वर पोहोचला होता. शहर जिल्ह्याचे स्त्री-पुरुष प्रमाण दर हजार पुरुषांमागे ८३२ स्त्रिया असे होते. हे कामासाठी एकट्याने येणाऱ्या पुरुषांच्या शहराचे प्रमाण आहे. कोळीवाडा याच्या उलट, कुटुंबांची आणि पिढ्यांची वस्ती आहे. येथील माणूस शहर सोडून जाण्यास सहजासहजी तयार नसतो, कारण त्याचा व्यवसाय त्याला कल्याण किंवा विरारहून रोज येऊन करता येत नाही. होडी जेथे लागते तेथेच घर हवे. कुटुंब वाढते, जागा वाढत नाही. मग घरावर मजला चढतो, खोली भाड्याने दिली जाते, भाडेकरू येतात. दाट वस्तीचे हे दृश्य पाहणाऱ्यास ती झोपडपट्टी वाटते. वास्तविक ते गावठाणच आहे. त्याला पसरायला जमीन राहिली नाही, एवढेच.

सेतू, खांब आणि हद्द

मार्च २०२० च्या अखेरीस करोनाच्या साथीत वरळी कोळीवाड्याच्या वाटा पोलिसांनी बंद केल्या. मुंबईत अशा रीतीने प्रथम बंद झालेल्या वस्त्यांपैकी ही एक होती. त्या दिवसांत कोळीवाड्याची जमिनीवरील हद्द प्रशासनास अवघ्या काही तासांत निश्चित करता आली. हीच हद्द मालमत्तेच्या हक्कासाठी निश्चित करण्याची मागणी अनेक वर्षांपासून होत आहे, हे येथे नमूद करणे अप्रस्तुत होणार नाही.

३० जून २००९ रोजी वांद्रे-वरळी सागरी सेतूचे उद्घाटन झाले. ५.६ किलोमीटर लांबीच्या या सेतूने तीनशे वर्षांपूर्वीची सरहद्द काही मिनिटांत ओलांडण्याची सोय केली. सेतू वरळी किल्ल्याच्या जवळून जातो. त्यानंतर किनारी रस्त्याच्या प्रकल्पाने कोळीवाड्याच्या पश्चिमेकडील पाण्यात भराव आणि खांब आले. जुलै २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रकल्पाची पर्यावरणविषयक परवानगी रद्द ठरविली. डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयास स्थगिती देऊन काम पुढे सुरू ठेवण्यास मुभा दिली. या वादात वरळीचे मच्छीमार पक्षकार होते. त्यांचा मुद्दा साधा होता. क्लीव्हलँड बंदरातून होड्या बाहेर पडण्याच्या वाटेवर पुलाचे खांब येत होते. खांबांतील अंतर ६० मीटर ठरले होते. वारा आणि लाटा यांत होडी एवढ्याशा फटीतून सुखरूप जाणार नाही, ते अंतर २०० मीटर हवे, असे मच्छीमारांचे म्हणणे होते. डिसेंबर २०२२ मध्ये एक खांब कमी करून अंतर १२० मीटर करण्याचे राज्य शासनाने मान्य केले. किनारी रस्त्याचा पहिला टप्पा मार्च २०२४ मध्ये वाहतुकीस खुला झाला.

अभियंत्याच्या दृष्टीने हा खांबांतील अंतराचा प्रश्न असेल. इतिहासाच्या अभ्यासकास तो १६६५ च्या त्या मासेमारीच्या कलमाचा पुढचा अध्याय वाटतो. पाण्यातील वाट ही कोणाची मालमत्ता आहे, आणि ती आहे असे सिद्ध करण्यास कोणता कागद दाखवावा? सतराव्या शतकातील दोन परकीय सत्तांनी स्वार्थासाठी का होईना, ही वाट करारात लिहिली होती. आधुनिक नियोजनात ती प्रथम लिहिलीच गेली नाही, आंदोलनानंतर लिहावी लागली.

जमिनीवरील हद्दीच्या बाबतीत एक कागद उपलब्ध आहे. ६ जानेवारी २०११ च्या सागरी किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेत बृहन्मुंबईतील कोळीवाड्यांसाठी स्वतंत्र तरतूद होती. १९८१ च्या विकास आराखड्यात किंवा शासनाच्या संबंधित अभिलेखांत नोंद असलेल्या कोळीवाड्यांचे नकाशे तयार करून ते तिसऱ्या वर्गात घोषित करावेत, असे तीत म्हटले होते. हा तिसरा वर्ग प्रामुख्याने ग्रामीण किनाऱ्यासाठी आहे. महानगराच्या मध्यभागी असलेली ही वस्ती कायद्याच्या दृष्टीने गावाच्या जवळची आहे, याची ही स्पष्ट कबुली होती. मात्र नोंदीतील कोळीवाडा कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, यावर पुढील सारे अवलंबून होते. जुन्या गावठाणाची रेषा धरली तर नंतरच्या पिढ्यांनी बांधलेली घरे बाहेर राहतात. विस्तारित गावठाण धरले तर आदर्शनगर, जनता कॉलनी यांसारख्या लगतच्या वस्त्यांपासून ते वेगळे कसे करायचे हा प्रश्न उभा राहतो. आणि घरांपुरतीच रेषा आखली तर मासळी वाळविण्याची जागा, जाळी दुरुस्त करण्याचे अंगण, होड्या ओढून ठेवण्याचा किनारा हे सर्व मोकळी जमीन म्हणून नोंदविले जाते. मोकळ्या जमिनीवर मुंबईत काय होते, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

म्हणून सीमांकन करताना आधी होड्या लावण्याच्या जागा आणि मासळी वाळविण्याची जागा मोजावी, घरे नंतर मोजावीत, असे आम्हांस वाटते. मोजणी करणाऱ्या भूमापकाने ती एकदा उधाणाच्या भरतीच्या वेळी आणि एकदा ओहोटीच्या वेळी करावी, कारण या दोन वेळांमध्ये कोळीवाड्याची जमीन सारखी नसते. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांवर कालवे फोडणाऱ्या स्त्रिया ज्या जागी बसतात, ती जागा भरतीच्या रेषेपलीकडे आहे. प्रचलित मोजणीत ती समुद्रात धरली जाते.